पाठमोरी शाल

“उठा, आणि एकेकानं मोठ्यानं वाचा,” साळवे मॅडम म्हणाल्या. हातातला खडू त्यांनी टेबलावर ठेवला आणि फळ्यासमोरून बाजूला झाल्या.

फळ्यावर एकच शब्द होता. बलात्कार.

शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास, सगळ्यांच्या पोटात कावळे. आणि नववीचा अख्खा वर्ग एकदम चिडीचूप. बाहेर शिपाईमामांनी कंपाउंडला बांधलेली शेळी तेवढी बोलत होती.

पहिल्या बाकावरचा सुजित उठला. त्यानं फळ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग स्वतःच्या बुटांकडे.

“मॅडम... अतिप्रसंग.”

“फळ्यावर अतिप्रसंग लिहिलंय का मी?”

“नाही मॅडम.”

“बस. पुढे.”

पुढे तनया, माझ्या बाकावरची माझी जिवाभावाची मैत्रीण. ओढणीचं टोक पिळत ती म्हणाली, “इज्जत लुटणे.”

“कोणाची?”

“त्या... बाईची.”

“तिची कशी काय गेली? तिनं काय केलं होतं?”

तनयानं माझ्याकडे पाहिलं. जसं काही उत्तर माझ्या दप्तरात होतं.

मग मी उठले. आता मी बारावीत आहे, साताऱ्याला हॉस्टेलवर राहते, आणि माझी बडबड ऐकून रूममधल्या मुली कानात हेडफोन घालतात. पण सहावीपर्यंत मला शाळेत ‘मुकी सुरभी’ म्हणायचे. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायचं तरी माझा आवाज कॉलरमध्ये अडकायचा. मग सहावीच्या दिवाळीनंतर साळवे मॅडम नव्यानं आल्या. परिपाठाला त्या मला बातम्या वाचायला उभं करायच्या आणि स्वतः मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन ओरडायच्या, “ऐकू येत नाही!” रोज. नववीत गेले तोवर माझा आवाज एसटीच्या थांब्यापर्यंत पोचायला लागला होता. आई म्हणायची, “चालू करायला शिकवलं, आता बंद करायचं बटणही दाखवा म्हणावं मॅडमना.”

तर मी उठले आणि वाचलं. परिपाठाच्या आवाजात. शेळीसुद्धा गप्प झाली.

“हां,” मॅडम म्हणाल्या. “कोसळलं का छत?”

“नाही मॅडम.”

“कोर्टात त्या बायकांना हा शब्द स्वतःच्या तोंडानं म्हणावा लागला. अनोळखी माणसांसमोर. चाळीस वर्षांनी. तुम्ही पंख्याखाली बसून नुसता वाचायचाय.”

त्या बायका म्हणजे एकाहत्तरच्या लढाईतल्या. आमच्या पुस्तकात त्या लढाईला एक छोटा परिच्छेद होता: बांगलादेश स्वतंत्र झाला, पाकिस्तानी सैन्य शरण आलं, संपलं. आमच्या वाडीला मात्र एक परिच्छेद पुरणार नाही. आमच्याकडे घराच्या पाटीवर नावाआधी हुद्दा असतो. हाक मारतानासुद्धा हवालदार नाना, नाईक अण्णा, सुभेदार आबा. सोळा डिसेंबरचा विजय दिवस आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा. लहानपणापासून आम्हाला ती लढाई तोंडपाठ. नदी कशी ओलांडली, शत्रूनं बंदुका कशा खाली ठेवल्या. पण त्या मुलखात त्या नऊ महिन्यांत बायकांचं काय झालं, हे मात्र आम्ही त्या शनिवारी पहिल्यांदा ऐकलं. त्यांना पाकिस्तानी सैनिकांनी कसं उचलून नेलं, छावण्यांत कोंडलं. लढाई संपल्यावर त्यांच्या नव्या देशानं त्यांना मोठी पदवी दिली आणि कितीतरी घरांनी त्यांना दार लावलं. मग खूप वर्षांनी खटले उभे राहिले, तेव्हा म्हाताऱ्या झालेल्या काही जणी कोर्टात गेल्या आणि बोलल्या.

“त्यांची नावं काय मॅडम?” तनयानं विचारलं.

“काहींनी उघड सांगितली. काही पडद्याआड बोलल्या. आणि एक लक्षात ठेवा. ज्याची गोष्ट आहे त्यानंच ती सांगायची. दुसऱ्यानं त्याचं नाव फोडायचं नाही. भलं करायला निघालात तरी नाही.”

पुढच्या आठवड्यात मॅडमनी वर्गातच खटला उभा केला. साक्षीदार मी, पलीकडचा वकील सुजित. मी काय सोडते! हात हलवले, आवाज कापरा केला, डोळे पुसले. सुजित मालिका बघून बघून तयार झालेला. शर्टाची कॉलर ताठ करत म्हणाला, “मायलॉर्ड, बाई एवढं घडाघडा बोलतायत, म्हणजे पाठ करून आल्यात.”

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत.

“बरोबर विचारलंस,” त्या म्हणाल्या. “खरोखर हेच विचारतात. नीट बोललं तर पाठ केलंय. अडखळलं तर खोटं आहे. सुरभी, आता तू सांग, कसं बोलायचं?”

सुजितनं कॉलर पाडली.

तास संपताना मॅडम म्हणाल्या, “गावात त्या लढाईला गेलेलं कोण आहे अजून? विचारून बघा. सांगावंसं वाटलं तर सांगतील. मागं लागू नका.”

त्या लढाईतलं वाडीत तेव्हा एकच माणूस उरलं होतं. सुभेदार आबा. माझ्या आजोबांचे चुलतभाऊ, आमच्या शेजारचं घर.

आबांच्या गोष्टी तीन. दर विजय दिवसाला त्याच, त्याच क्रमानं. नदीची, फाटक्या बुटाची, आणि शत्रूच्या खंदकात सापडलेल्या बिस्किटांची. बिस्किटांच्या गोष्टीला पोरं आबांच्या आधी हसायची.

मी गेले तेव्हा आबा गोठ्यापुढे म्हशीचं दावं वळत बसले होते. खताच्या पोत्याचे धागे काढून त्यांचं ते असलं दावं करायचे की ओढून म्हैस तुटेल, दावं नाही. मला बघताच त्यांनी एक टोक पुढे केलं. “धर. घट. सोडू नगंस.”

मी टोक धरलं. ते पीळ देत मागं मागं जायला लागले.

“आबा, एकाहत्तरच्या लढाईचं विचारायचंय.”

“इचार की. नदीचं सांगू का बुटाचं?”

“तिथं बायकांवर बलात्कार झाले होते. मॅडमनी शिकवलं. तुम्ही पाहिलं का काही?”

आबांच्या हातातला पीळ सुटला. एवढं वळलेलं दावं गरगर फिरून उलगडलं आणि जमिनीवर पडलं. आबा तिथंच उभे.

“ह्यो शबुद कुठं शिकलीस?”

“शाळेत.”

“शाळेत,” ते म्हणाले. मग गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. “शाळाच हुती ती.”

मी टोक धरून तशीच उभी होते. सोडू नकोस म्हणाले होते ना.

“लढाई संपल्याली. आमाला येका गावातली शाळा तपासाय धाडलं. दाराला भाईरनं कुलूप. तोडलं. आत फळा, घंटा, समदं आपल्या शाळेगत. आन् बायका. पोरी. तुझ्यायेवढ्या बी. अंगावर...” आबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “नीट काय दिसायच्या आत आमचा नायक वरडला, पीछे मुड! समदे गर्रकन फिरलो. दाराकडं पाठ. मग त्यो म्हनला, कांबळी काढा. ज्याच्याकडं जे असंल ते, कांबळं, कोट, खांद्यावरनं मागं धरायचं. मागनं कुनीतरी वढून घ्यायची. कोन घेतंय ते बघायचं न्हाई. बघितलं तर गोळी घालीन म्हनला.”

म्हैस फुरफुरली. आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

“माझं कांबळं लई येळ कुनी घेतलंच न्हाई. हात भरून आला. पन खाली कसा करायचा? मग हळूच हलकं झालं.”

“मग?”

“मग येक बाई बोलाय लागली. मागनं. थांबतच नव्हती. काय तरी सांगत हुती, पुना पुना, माझ्या पाठीला. बंगालीत. आमाला काय कळतंय? कुनी तरी दुभाषा आनाय पायजे हुता. न्हाई आनला. दुपारी आमचा ट्रक आला, आमी गेलो.”

“ती काय सांगत होती आबा?”

“तेच तर,” आबा म्हणाले.

मग गुडघ्यावरची टोपी झटकत म्हणाले, “तुझ्या आज्जीला ठावं न्हाई. माझ्या पोरांना ठावं न्हाई. तू बी कुनाला बोलू नगंस.”

“मॅडमना सांगू?”

“न्हाई. माझं मी सांगीन. येळ आली की माझं मी सांगीन.”

मी मान हलवली. आबांनी टोपी घातली, दाव्याचं टोक उचललं आणि पहिल्यापासून पीळ द्यायला सुरुवात केली.

त्या दिवशी मी घरी उडत उडत आले होते. आबा सांगणार! सोळा डिसेंबरला, स्टेजवर, माइकवर! बिस्किटांच्या जागी! मनातल्या मनात मी त्यांचं प्रास्ताविकसुद्धा तयार करून टाकलं. मॅडमना काही बोलले नाही, पण त्यांच्या तासाला कारण नसताना हसत बसायचे. “काय गं, लॉटरी लागली का?” त्या विचारायच्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी ते फोटोचं प्रकरण झालं.

सुजितनं त्या शनिवारी आईचा मोबाइल गुपचूप शाळेत आणला होता. मामाच्या पोराला दाखवायला म्हणून त्यानं फळ्याचा फोटो काढून ठेवलेला. फळा, त्यावरचा तो शब्द, बाजूला साळवे मॅडम. आईला तो फोटो सापडला. आईनं लेहला ड्यूटीवर असलेल्या त्याच्या वडिलांना पाठवला. वडिलांनी तो ‘जय जवान’ या आमच्या गावच्या ग्रुपवर टाकला, खाली एक ओळ लिहून: आम्ही इथं बर्फात उभे आणि तिथं आमच्या मुलांना फौजेबद्दल हे शिकवतात.

मग काय! कुणी जम्मूहून, कुणी आसामातून, कुणी वाडीतूनच. ‘बाईला आधी घरी बसवा.’ ‘शाळा आहे का काय आहे?’ ‘आडनाव बघितलं का?’ त्यावर पुष्कळ अंगठे. ते सगळं करणारी फौज दुसरी होती, आणि तिला आमच्याच माणसांनी हरवलं होतं, हे लिहायला मी आईचा फोन घेतला. आईनं हातातून काढून घेतला. म्हणाली, “त्या ग्रुपवर बायका फक्त ‘अभिनंदन’ लिहितात.”

मॅडमची शिक्षणसेवकाची तीन वर्षं तेव्हा संपत आली होती. शाळा समितीनं ‘काम समाधानकारक’ म्हटलं की नोकरी कायम. नाही म्हटलं की घरी. त्यांच्या घरी आई आणि कॉलेजात शिकणारा भाऊ. सगळं त्या नोकरीवर.

समितीची बैठक शाळा सुटल्यावर हेडसरांच्या खोलीत झाली. मला आणि तनयाला बोलावलं होतं. मी जराही घाबरले नव्हते. कारण समितीत माजी सैनिकांच्या वतीनं सुभेदार आबा होते. मी तनयाला व्हरांड्यातच सांगून टाकलं, “बघच तू. आज वेळ आलीय.”

“कसली वेळ?”

“बघ तर.”

आत टेबलामागे चेअरमन दादासाहेब. एका बाजूला हेडसर जगदाळे. दुसऱ्या बाजूला पालकांतर्फे सुजितची आई. खिडकीशी आबा, इस्त्रीच्या सदऱ्यात, छातीला पदकं लावून. मॅडमना खुर्ची होती. पण त्या दाराशीच उभ्या होत्या.

आधी तनया.

“बाळ, बाईंनी फळ्यावर काय लिहिलं होतं?” दादासाहेब अगदी गोड आवाजात म्हणाले.

“ते... शब्द.”

“कुठला?”

तनया रडायला लागली.

“बघा,” सुजितची आई म्हणाली. “पोरीच्या मनावर केवढा परिणाम झालाय.”

मग मी.

“तू सांगशील?”

“हो सर. बलात्कार.”

माझा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा. खोली लहान. टेबलावरच्या काचेखालच्या देवांच्या फोटोंनीसुद्धा ऐकला असेल. हेडसरांनी झटकन दार नीट लागलंय का ते पाहिलं.

“बघा, बघा!” सुजितची आई पदर सावरत म्हणाली. “पोरगी किती निर्ढावलीय. आमच्या घरात असा शब्द काढला असता तर...”

“काय शिकवलं बाईंनी?”

मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, न अडखळता. कोण फौज, कुठल्या बायका, किती वर्षांनी बोलल्या, त्यांना काय हवं होतं. मला वाटलं, माझ्याइतकं छान आजवर कुणी बोललंच नसेल.

दादासाहेबांनी ऐकून घेतलं. मग हेडसरांकडे वळून म्हणाले, “चांगलं पाठ करून घेतलंय.”

मी सुजितच्या आईकडे पाहिलं. सुजितचे डोळे तिच्यासारखेच आहेत, हे मला तेव्हा दिसलं.

“पाठ नाही सर. खरं आहे ते.”

“कशावरून? वाडीतली पंधरा-वीस माणसं त्या लढाईला गेली. एकानं तरी कधी असलं काही सांगितलं?” दादासाहेब खुर्चीत वळले. “काय सुभेदार? तुम्ही तर होता तिथं. पाहिलंत का काही?”

आली. वेळ आली. तनयाचं मनगट मी इतकं दाबलं होतं की दुसऱ्या दिवशी तिला तिथं निळं पडलं.

आबा उठले. मला वाटलं, उभं राहून सांगणार. फौजी माणूस, बसून कसा सांगेल?

ते खिडकीकडे फिरले. दोन्ही हात मागं बांधले. बाहेर मैदान रिकामं होतं, बघण्यासारखं काहीच नव्हतं. आमच्याकडे त्यांची पाठ. सदरा पाठीवरही कडक इस्त्रीचा.

“लई वर्सं झाली दादासायेब,” आबा म्हणाले.

“झालं!” दादासाहेब म्हणाले. “तिथं असलेला माणूस सांगतोय.”

“नाही!” मी ओरडले. “एका माणसानं पाहिलंय! मला स्वतः सांगितलंय!”

“कोणी?”

मी त्या पाठीकडे पाहिलं. बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती. वाटलं, एक नाव. एवढंसं नाव. आत्ता, या क्षणी. ओठांवर आलं होतं.

“नाव सांग की. आता का गप्प?” सुजितची आई म्हणाली.

“सुरभी.” दारातून मॅडमचा आवाज आला, अगदी हळू. मी वळले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझी नजर जिथं होती तिथं, त्या पाठीकडे बघत होत्या. “नाव नको.”

“बघितलं?” दादासाहेबांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. “कधी बोलायचं, कधी नाही, तेसुद्धा शिकवून ठेवलंय.”

आम्हाला बाहेर पाठवलं. बाहेर शेळी नव्हती. दावं तेवढं पडलं होतं.

मॅडम दिवाळीनंतर आल्याच नाहीत. आल्या त्या फक्त खोली रिकामी करायला. मी थांब्यावर गेले. एक सुटकेस, दोन पिशव्या आणि कुंडीतलं कढीपत्त्याचं रोप घेऊन त्या एसटीची वाट बघत होत्या.

“हे एसटीत कुठं ठेवणार मॅडम?”

“मांडीवर. अर्धं तिकीट मागितलं तर देईन.”

मला हसू आलं नाही. “मी नाव सांगायला हवं होतं का?”

“तुला काय वाटतं?”

“त्यांनी सांगायला हवं होतं.”

“मग झालं की. तुला कळलंय.” त्यांनी रोपाचं एक वाळकं पान खुडलं. “कोण ते मी विचारत नाही. पण कधी बोलले, तर मला कळव. मी असेन तिथं कळव.”

“आणि नोकरी?”

“शोधू,” मॅडम म्हणाल्या. गाडी आली. सुटकेस मी चढवली. गाडी सुटल्यावर मी रस्त्यावरून जोरात ओरडले, “मॅडम, पोचल्यावर फोन करा!” त्यांनी खिडकीतून कानावर हात ठेवून खूण केली, ऐकू येत नाही. ती त्यांची चेष्टा होती. पहिल्यांदाच मला ती आवडली नाही.

सोळा डिसेंबर आला. त्या वर्षी शाळेनं सुभेदार आबांचा सत्कार ठरवला. आमच्याकडे फौजीचा सत्कार असला की शाल त्याच्या भावकीतल्या मुलीनं घालायची, अशी रीत. हेडसरांनी दुसऱ्या मुलीचं नाव काढलं होतं. पण आबांनी निरोप पाठवला, “शाल सुरभीच घालंल, न्हाईतर मी येत न्हाई.”

आई खूश झाली. “बघ, किती जीव आहे त्यांचा तुझ्यावर.”

बैठकीच्या दिवसापासून मी आबांशी बोलले नव्हते. ते गोठ्यापुढे दिसले की मी रस्ता बदलायची. वाटलं, नाहीच म्हणून सांगावं. मग वाटलं, कुणास ठाऊक, म्हणूनच बोलावत असतील. आज सांगणार असतील. मला शेजारी उभं करून. मी नऊवारी नेसले, आईनं नथ घातली.

मैदान भरलं होतं. पहिल्या रांगेत दादासाहेब, मागे निवृत्त माणसं पदकं लावून, त्यामागे बायका, मग पोरं. स्टेजवर मधल्या खुर्चीत आबा. निवेदनाला सुजित. “आता आपल्या गावाचे भूषण, एकाहत्तरचे वीर योद्धे, सुभेदार केशवराव भोईटे यांचा सत्कार...”

शाल माझ्या हातात दिली. लाल, जरीच्या काठाची, चांगलीच जड. मी मागच्या पडद्याच्या बाजूनं पुढे गेले. आबा उठले, माझ्याकडे वळले आणि मान वाकवली. हळूच म्हणाले, “रागावलीस व्हय पोरी?”

“आज सांगणार आहात?” मी विचारलं.

आबांनी वर पाहिलं नाही. “इथं? समद्यांत? कसं सांगू गं?”

मी शाल उघडली. मग टाचेवर फिरले. पीटीच्या तासाला शिकवलेलं, अगदी नीट, एक, दो. आबांकडे पाठ केली. समोर पडदा होता, त्यावर थर्मोकोलची अक्षरं, विजय दिवस. शाल मी खांद्यावरून मागं धरली.

आधी कुणाला कळलंच नाही. मग पोरांत खसखस पिकली. “एऽ, तोंड हिकडं!” कुणीतरी ओरडलं. “लाजली वाटतं!” बायका हसल्या. माइक चालू होता, सुजित गोंधळून म्हणाला, “सुरभी, अगं... आबा मागं आहेत.”

“सुरभी,” हेडसर दात ओठ खात कुजबुजले, “वळ. वळ म्हणतो ना.”

मी वळले नाही. हात भरून आला. पडद्यावरचं ‘वि’ निसटायला आलं होतं, एका टाचणीवर लोंबत होतं, मी त्याच्याकडे बघत राहिले. मागून काहीच हालचाल नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, जड. हसणं वाढत गेलं आणि मग हळूहळू कमी झालं. हात खाली करावासा वाटत होता. केला नाही.

मग शाल हळूच हलकी झाली.

मी बघितलं नाही. समोर बघत स्टेजच्या पायऱ्या उतरले. खाली आले तेव्हा आबा माइकपाशी उभे होते. शाल त्यांनी अंगावर घेतली नव्हती. घडी न करता दोन्ही हातांत धरली होती. सुजितनं त्यांच्यासाठी माइक वर केला, मग खाली केला.

सगळं मैदान वाट बघत होतं. पोरं तर नदीसाठीच टपलेली. आबांनी तोंड उघडलं. खूप वेळ उघडंच ठेवलं.

“जय हिंद,” ते म्हणाले आणि बसले.

त्या वर्षी नदी नाही, बूट नाही, बिस्किटं नाहीत. दुसरंही काही नाही. टाळ्या मात्र नेहमीएवढ्याच पडल्या.

पुढच्या वर्षीचा विजय दिवस आबांनी पाहिला नाही. त्यांच्या तिन्ही गोष्टी वाडीत अजून सांगतात, आता सुजितला त्या चांगल्या जमतात. मॅडमचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. दर सोळा डिसेंबरला त्यांचा मेसेज येतो, “काही कळवायचंय का?” आणि एवढी बडबडी मी, उत्तराला एकच शब्द पाठवते.

“नाही.”